ऐकू न आलेला तुकडा

"हॅलो... हां, मी मगाशी बी फोन केला होता," एवढंच तो म्हणाला, आणि हातातला चहा माझ्याच मांडीवर सांडला.

चटका बसल्याचं मला नंतर कळलं. आधी मी तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकला. 'मगाशी बी' म्हणताना मध्येच थांबून घसा खाकरायची सवय, वाक्याच्या शेवटी आवाज चढवायची सवय, सगळं जिथल्या तिथे होतं. चार वर्षांपूर्वी बेदाण्याच्या पेट्या घेऊन तासगावहून पुण्याला निघालेला आणि परत न आलेला माझा सख्खा भाऊ, शशीदादा, कुठल्याशा फ्रिजच्या कंपनीला फोन करून सांगत होता की तक्रार नोंदवून घेतलीत, पण दुरुस्तीला माणूस काही आला नाही. जिवंत होता. नुसता जिवंत नव्हता, चांगला वैतागलेला होता.

मी कानावरचा हेडफोन ओढून काढला आणि "आई" म्हणून हाक मारली, तर आई घरात नव्हती. दुपारची वेळ, दादाची मुलगी आर्या शाळेत, वहिनी मागच्या मोरीत धुणं धूत होती. मला हसू येत होतं.

हे काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी लोकांचे फोन चोरून ऐकत होते. ऐकतच होते म्हणा, पण पगारी. आणि पगारी म्हणणंही जरा जास्तच होईल. मी डी.एड. करून बसले होते. त्या काळात डी.एड. झालेलं निम्मं तासगाव बसूनच होतं. त्यात सांगलीच्या एक कोमल मॅडम आल्या, त्यांनी आम्हा बायकांचा एक गट केला आणि मोबाइलवर हे काम दिलं. कंपन्यांना येणारे फोन कापून त्यांचे लहान लहान तुकडे आमच्याकडे यायचे. ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. माणूस 'अं' म्हणाला तर 'अं', शिवी दिली तर शिवी. कशासाठी, तर यंत्राला मराठी शिकवायची होती म्हणे. एका तुकड्याला जे मिळायचं त्यात लिमलेटची गोळी आली असती. पण दिवसभर अशा गोळ्या साठवल्या की महिन्याचा गॅस आणि आर्याच्या शाळेच्या रिक्षाचं भाडं निघायचं. तेही सावलीत बसून.

माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर आम्हाला कळू नयेत म्हणून तिथे 'टूं' असा आवाज भरलेला असे. शिवाय एका फोनचे तुकडे वेगवेगळ्या बायकांना जात. शेपटाकडचा आज आला तर डोक्याकडचा सहा महिन्यांनी, तोही बहुतेक दुसरीलाच. त्यामुळे कोणाचं गाऱ्हाणं काय होतं आणि पुढे मिटलं की नाही, हे आम्हाला कधीच कळायचं नाही. मिक्सरवरून भांडणारी बाई भांडता भांडता मध्येच तुटायची. आम्ही एकमेकींना विचारून पुढचं जुळवायला बघायचो, तर मॅडम ओरडायच्या. एकमेकींत बोलायची सक्त मनाई होती.

एक मात्र होतं. सांगलीकडचं बोलणं नागपूरच्या बायकांना उतरवता येईना, म्हणून आमच्या बाजूच्या बोलीचे तुकडे आमच्याच गटाकडे यायचे. गट तरी केवढा, पंधरावीस जणींचा. म्हणजे दादा जगाच्या पाठीवर कुठेही असता, तरी कंपनीला फोन करून तोंड उघडलं की त्याचं बोलणं फिरत फिरत आमच्याच गल्लीत यायचं. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी ऐकला तो तुकडा मला टाइप करायचा नव्हता, तपासायचा होता. डी.एड. शेवटी इथे कामी आलं आणि मॅडमनी मला तपासनीस केलं. प्रत्येक तुकडा दोघींना जायचा. दोघींचं लिहिणं जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर तो तपासनिसाकडे. माझ्यासमोर लॅपटॉपवर तुकडा, त्याच्याखाली दोघींनी काय काय लिहिलंय ते, आणि दोघींचे क्रमांक. बरोबर असेल त्याच्यावर टिचकी मारायची. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असायचं. टिचकी मारली की तुकडा गेला, मग तो देवाला सांगूनही परत मिळत नसे.

दादा जिवंत असल्याचा आनंद पोटात मावत नव्हता, म्हणून मी खालचं लिहिणं वाचलंच नव्हतं. आता सहज नजर गेली. एकीने सगळं अगदी खोकल्यासकट लिहिलं होतं. दुसरीने एकच शब्द ठेवला होता: 'अस्पष्ट'.

अस्पष्ट म्हणायची मुभा होती. मागे बँड वाजत असेल, फोन बोगद्यातून केल्यासारखा असेल, तर ते बटण दाबायचं. पण हा तुकडा शेजारी बसून बोलल्याइतका स्वच्छ होता. मी क्रमांक पाहिला. तो मला पाठ होता, कारण ते खातं मीच उघडून दिलं होतं. तो वहिनीचा क्रमांक होता.

रोहिणीवहिनी म्हणजे दादाची बायको. पूर्वी ती बेदाणा निवडायला शेडवर जायची, मी तिला ह्या कामात ओढली. तिने ते बटण कधी दाबलेलं मी पाहिलं नव्हतं. चालत्या ट्रॅक्टरवरून बोलणाऱ्या म्हाताऱ्याचाही शब्द ती सोडत नसे. मॅडम गटात तिचं उदाहरण द्यायच्या आणि बाकीच्या बायका नाक मुरडायच्या. त्या रोहिणीवहिनीला नेमका स्वतःच्या नवऱ्याचा आवाज ऐकू आला नव्हता.

माझं डोकं सणकलं. कारण सगळ्या आळीला माहीत होतं. दादा ज्या सकाळी गेला त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तो गाडीत बसत होता आणि वहिनी दारात उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, म्हणाली होती, "जायचं तर जावा एकदाचं, आम्ही काय अडवून धरलंय व्हय?" आणि तो गेला. बेदाणा पुण्यात पोचला. रिकामी गाडी महामार्गावरच्या एका ढाब्याशी उभी सापडली, नीट कुलूप लावलेली, चावी ढाबेवाल्याच्या गल्ल्यावर. पोलीस तेव्हाच म्हणाले होते की माणूस आपल्या पायांनी गेलाय. आईने ते कानाआड केलं. तिच्या लेखी दादा त्या एका वाक्यामुळे गेला होता आणि रागाच्या भरात कुठेतरी भरकटला होता. दूध उतू गेलं, नळाला पाणी आलं नाही, आर्याला ताप आला, काहीही झालं तरी गाडी शेवटी तिथेच यायची: तूच तोंडानं घालवलास माझा ल्योक. वहिनी पूर्वी अशी ऐकून घेणारी नव्हती, चांगली फाडफाड बोलायची. त्या दिवसापासून तिची वाचाच बसली होती. ती खाली मान घालून ऐकायची आणि कामाला लागायची. आई आठवड्यातून दोनदा मार्केट यार्डात जाऊन पुण्या-मुंबईच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना दादाचा फोटो दाखवायची. नवे ड्रायव्हर फोटो बघायचे, जुने तिला चहा पाजून परत पाठवायचे. त्या दुपारीही ती तिकडेच गेली होती.

मी मोरीत गेले. वहिनी आर्याच्या शाळेच्या शर्टाची कॉलर ब्रशने घासत होती.

"वहिनी, दादाचा आवाज आलाय," मी म्हटलं.

ब्रश थांबला. पण तिने मान वर केली नाही. नवरा जिवंत आहे असं कळल्यावर कोणतीही बाई असं करत नाही, आणि तेवढ्यानेच माझा उरलासुरला ताबा सुटला. मी तिला नको नको ते बोलले. तुला ओळखू आला होता, तरी तू मुद्दाम ते बटण दाबलंस. आई उन्हातान्हाची फोटो घेऊन लोकांच्या पाया पडत हिंडते ते तुला दिसत नाही. तुला तो परत यायलाच नको आहे. आईची भाषा माझ्या तोंडातून येत होती आणि ते मला कळतही होतं.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. हाताचा फेस धुतला, नळ बंद केला आणि दगडावर बसली.

"ताई, हा तिसरा," ती म्हणाली. "आधी दोन येऊन गेले मला."

मला आधी काही कळेनाच. मग तिने सांगितलं. पहिला तुकडा दिवाळीच्या आधी आला होता. कंपनीची मुलगी विचारते, सर, बिल कोणाच्या नावावर आहे? आणि दादा सांगतो, बिल मिसेसच्या नावावर आहे.

"मला वाटलं माझंच नाव घेत्यात," वहिनी म्हणाली. "कसं का होईना, चार वर्सानं नाव तरी घेत्यात, असं वाटलं बघा. आणि टूं झालं. मग पुढं त्या पोरीनं ते नाव परत म्हटलं, बरोबर आहे का सर म्हणून, तर तितं बी टूं. पण माझं नाव न्हवतं त्ये. रोहिणी म्हणायला तेवढा वेळ लागत न्हाई."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? लिहिलं. मिसेससकट सगळं लिहिलं आणि पाठवलं. भाकरी थापायच्या राहिल्या होत्या."

दुसऱ्या तुकड्यात काय होतं ते मात्र तिने सांगितलं नाही. नका विचारू म्हणाली. तोही तिने लिहिला होता. ह्या तिसऱ्याला तिचा हात उचलेना. त्यात तसं काहीच नव्हतं, नुसता 'मगाशी बी फोन केला होता' एवढंच. पण तेवढ्यानेच तिची सहनशक्ती संपली आणि तिने ते बटण दाबलं.

मी ऐकून घ्यायला तयार नव्हते. दादाची बाजू मांडायला माझ्याकडे लगेच कारणं तयार झाली. ड्रायव्हर माणूस तो, मालकाचा फ्रिज बिघडला असेल, मालकाच्या मिसेसच्या नावावर बिल असेल, मालकाने फोन करायला लावला असेल. मी वकिलासारखी बोलत होते. वहिनी माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग नव्हता, मला तिथे कणव दिसली, म्हणून मी आणखीच चिडले.

"आईला सांगणार मी," मी म्हटलं. "तिचा मुलगा आहे तो. तिला कळायला हवं."

"आत्तींना सांगू नका." ती पहिल्यांदाच घाईने बोलली. "त्यांना वाटतंय त्ये हरवलेत. वाटू दे. हरवलेल्या माणसाची वाट बघता येती, ताई. टाकून गेलेल्याची काय बघायची?"

"आणि ती तुला रोज बोलते ते?"

"मला बोलून त्यांचा दिवस निघतोय. माझं काय जातंय?" असं ती म्हणाली खरी. मग थोडं थांबून म्हणाली, "जातंय. पण त्यांचं लई जाईल."

मी काय बोलणार होते कोण जाणे, पण तेवढ्यात मधल्या खोलीतून दादाचा आवाज आला. "हॅलो... हां, मी मगाशी बी फोन केला होता." थोडा वेळ गेला की पुन्हा. "हॅलो... हां..."

मी ओढून काढल्यावर हेडफोनची वायर निघाली होती, आणि टिचकी मारेपर्यंत तुकडा आपला आपण पुन्हा पुन्हा वाजत राहतो. मघाशी तो खोलीत एकटाच बोलत होता. आता त्याला उत्तर मिळत होतं.

"शशी," आई म्हणत होती. "आरं बोल की, मी हाय. आई बोलती."

ती लॅपटॉपसमोर वाकून उभी होती. फोटोची पिशवी काखेत, डोक्यावरचा पदर घसरलेला. फोन चालू आहे असं तिला वाटलं होतं. दादा थांबला की ती बोलायची, आणि ती बोलली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

"तृप्ते, त्येला माझं ऐकू जाईना," ती मला म्हणाली. तिच्या तोंडावर जे सुख होतं ते मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. "त्येला सांग, आई हाय म्हणावं. कुटनं बोलतोय इचार."

मी तिला धरून खुर्चीवर बसवलं. हा फोन नाही, आधी कधीतरी झालेलं बोलणं आहे, गेल्या वर्षीचं असेल किंवा त्याच्याही आधीचं, असं समजावलं. तिला ते पटायला वेळ लागला, पण तिच्या आनंदात फरक पडला नाही. लेक जिवंत होता, बोलत होता, बाकीचं तिला नको होतं. ती गणपतीला हात जोडत होती, मला जवळ घेत होती. मग दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे तिचं लक्ष गेलं.

"बघ," ती म्हणाली. "माझा ल्योक हाय. तू घालवलास, पर देवानं ठिवलाय."

वहिनीच्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"म्होरचं लाव," आई मला म्हणाली. "म्होरं काय म्हणाला त्ये लाव."

"पुढं काय नसतंय, आत्ती," वहिनी दारातूनच म्हणाली. "एवढंच असतंय आमच्याकडं."

ती खोटं बोलत नव्हती. टाइप करणाऱ्या बायकांकडे एवढंच असतं. पण तपासनिसाला, बोलण्याचा संदर्भ लागावा म्हणून, मागचा नाहीतर पुढचा एक तुकडा ऐकायची सोय होती. वहिनीला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर मला वहिनीला खोटं पाडायचं होतं. पुढच्या तुकड्यात मालकाचं नाव निघेल, सगळा उलगडा होईल आणि माझा भाऊ धुतल्या तांदळासारखा बाहेर येईल, अशी माझी खात्री होती. मी पुढचं बटण दाबलं.

आधी कंपनीची मुलगी बोलली, उद्या नक्की माणूस पाठवते सर. मग दादा.

"उद्या उद्या काय करताय मॅडम? घरात लहान पोरगं हाय माझं. रोज दूध नासतंय. मिसेस कामावरनं आल्या की मलाच बोलत्यात."

आणि त्याच्या बोलण्यावर चढून एका मुलाचा आवाज, अगदी फोनजवळून, "पप्पा, माझं सगळं लिवून झालं, बघा की."

"बघतो रं राजा," दादा म्हणाला. कंपनीच्या मुलीशी बोलताना चढलेला आवाज एकदम खाली आला होता. "थांब हं, पप्पा फोनवर हाय न्हवं?"

तुकडा तिथेच तुटला. मी वहिनीकडे बघितलंच नाही, माझी हिंमत झाली नाही. हाच तिचा दुसरा तुकडा होता, हे मला कळलं होतं. ह्यातला शब्द न् शब्द तिने बसून टाइप केला होता. 'बघतो रं राजा' सुद्धा.

"परत लाव," आई म्हणाली.

मी लावला. ती पुढे वाकून ऐकत होती, पण आता दादाचं बोलणं ती ऐकत नव्हती. मुलाचा आवाज आला तेव्हा तिने हात वर केला, थांब म्हणून.

"चांगलं बोलतंय की," ती म्हणाली. "ल्हितंय बी. चार-पाच वर्साचं हाय."

"हितनं जायच्या आधीचंच हाय म्हंजी." ती माझ्याशी बोलत नव्हती, स्वतःशीच हिशेब करत होती. चार लेकरं वाढवलेली बाई ती, त्यातली दोन हाती लागली. मुलाचा आवाज ऐकून वय सांगायला तिला कोणाची गरज नव्हती. "भांडाण त्या सकाळचं. आणि पोरगं त्येच्या आधीचं."

मग तिने मान वळवून वहिनीला विचारलं, "तुला म्हाईत हुतं?"

वहिनीने मान हलवली.

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

"आणि मी तुला सकाळ-संध्याकाळ त्वांडाला यील त्ये बोलत हुते." आईचा आवाज फुटला. "एकदा तर म्हणायचंस, रोहिणे. एकदा तर माझं त्वांड धरायचंस."

मला ते सहन होईना. काहीतरी करायला हवं म्हणून मी सुचेल ते बोलायला लागले. कोमल मॅडमना सांगू, त्या कंपनीला विचारतील, टूंच्या खाली पत्ता असतोच, पोलिसांत आपली नोंद आहेच, चार दिवसांत शोधून काढू.

"कशाला?" आई म्हणाली.

"कशाला म्हणजे? पत्ता नको कळायला?"

"त्येला त्येचा पत्ता म्हाईत हाय," आई म्हणाली. "आणि आपला बी म्हाईत हाय."

लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ तांबडं झालं होतं. आईने ते काय म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की वेळ संपत आलीय, दोघींपैकी एकीचं लिहिणं बरोबर ठरवायचं आहे. जिचं चूक ठरेल तिच्या नावावर शेरा पडतो, आणि असे शेरे साठले की काम बंद होतं. काहीच ठरवलं नाही तर तुकडा दुसऱ्या तपासनिसाकडे जाईल.

"त्या दुसऱ्या बाईचंच बरोबर हाय, ताई," वहिनी म्हणाली. "तेच दाबा. माझं चुकलंय."

"वाच दोन्ही," आई मला म्हणाली.

मी पहिलं वाचलं. दादाचं सगळं बोलणं, हॅलोपासून खोकल्यापर्यंत, माझ्या तोंडून. वाचताना मला रडू येत होतं. आई नीट ऐकत होती, शाळेत पाढे ऐकल्यासारखं.

"आणि रोहिणीनं काय लिवलंय?"

"अस्पष्ट. म्हणजे आवाज ऐकू येत नाही, असं."

आईने डोळ्याला पदर लावला आणि काढला. वहिनीकडे एकदा पाहिलं. मग मला म्हणाली, "रोहिणीचंच बरोबर हाय."

"आई, अगं..."

"काय सुदिक ऐकू येत न्हाई. रोहिणीचंच दाब."

चांगलं ऐकू येत होतं. पुढचा संपल्यावर मूळचा तुकडा पुन्हा वाजायला लागला होता, दादा त्याच खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर बोलत होता. टिचकी मारली की तो परत मिळणार नाही हे मी तिला सांगितलं. तिने स्वतःच हात पुढे करून माझा हात लॅपटॉपकडे ढकलला, तेव्हा मी वहिनीच्या क्रमांकावर टिचकी मारली. आवाज थांबला. त्याच्या जागी दुसरा तुकडा आला, कुठल्याशा बाईच्या मिक्सरचं भांडं गळत होतं.

माझ्या मागे वहिनी रडायला लागली. चार वर्षांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं रडत होती. समोरच्या घराची खिडकी उघडली, कोणीतरी डोकावलंसुद्धा. आईने दार लावून घेतलं नाही. ती उठली आणि उंबऱ्यापाशी वहिनीच्या शेजारी जाऊन बसली.